मामलेदारांच्या कानात

भरतेश मगदूम यांच्या घरात तीन जीव राहत होते. त्यातले दोन एकमेकांशी बोलत नव्हते आणि तिसऱ्याला बोलता येत नव्हतं. संसार अगदी सुरळीत चालला होता.

तिसरा जीव म्हणजे ससा. पुण्याला असलेल्या लेकीने, ऋतुजाने, तो आणून दिला होता. अंगाने पांढराशुभ्र, पण छातीपासून पाठीपर्यंत काळा, जाकीट चढवल्यासारखा. बाहेरच्या खोलीत पाटावर बसून तो आल्यागेल्याकडे असा बघायचा, की हातात अर्ज असल्याशिवाय पुढे जायचा धीर होऊ नये. म्हणून त्याचं नाव पडलं मामलेदार. पुढे त्याला कामही तसंच मिळालं.

"मामलेदार, त्यांना सांगा, दूध शेगडीवर ठेवलंय, मी आंघोळीला चालले," असं त्रिशलाबाई म्हणायच्या.

"मामलेदार, तिला विचारा, दूध बघायचं म्हणजे नक्की किती वेळ बघायचं?" खुर्चीतून भरतेश विचारायचे.

"सांगा, उतू जाण्याच्या आधीपर्यंत."

भरतेश आणि त्रिशलाबाई एकमेकांपासून चार हातांवर असायचे आणि मामलेदार मध्ये बसून कान हलवायचे. निरोप पोचायचा. चार वर्षांत एकही निरोप गहाळ झाला नव्हता. सरकारी खात्याला हे कधी जमलं नाही, असं खुद्द भरतेश म्हणत, आणि त्यांची सगळी नोकरी सरकारी खात्यात गेली होती.

ते वजनमापे निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी सांगली जिल्ह्यातले काटे तपासले. भाजीवाल्यांचे, सराफांचे, रद्दीवाल्यांचे. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस त्याला बोलायला लावतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. निवृत्तीला अठरा दिवस राहिले असताना त्यांनी वखारभागातल्या एका किराणा दुकानाचा काटा तपासला. किलोमागे अकरा ग्रॅम कमी. दुकान त्रिशलाबाईंच्या सख्ख्या भावाचं, धनपाल चौगुल्यांचं.

"दाजी, आत झुरळ मरून अडकलंय. तेवढं काढतो, परत लावून बघा की," धनपाल म्हणाले.

"झुरळाचे तीन धरले तरी आठ ग्रॅम उरतात," भरतेश म्हणाले आणि दुकानाला सील ठोकलं.

सील महिन्याभरात निघालं, पण गिऱ्हाईक परत फिरकलं नाही. धनपाल आता हळदीच्या एका अडतीत दुसऱ्याच्या काट्यावर उभे राहत. आणि त्रिशलाबाईंनी सील लागलं त्या संध्याकाळी जो अबोला धरला, तो तसाच चालू होता.

*

दिवाळीच्या सुमाराला दोघांनाही ताप आला. आधी भरतेशना, मग त्रिशलाबाईंना. ताप तीन दिवसांत उतरला, पण जाताना ओठांच्या कडेला बारीक पुटकुळ्यांचा घोस ठेवून गेला. भरतेशनी आपल्या पुटकुळ्या आरशात पाहिल्या आणि निदान केलं, झोपेत तोंडावरून कोळी फिरला. त्यांच्या आईनेही असल्या वेळी कोळ्यालाच दोषी धरलं असतं. चार दिवसांनी त्रिशलाबाई पदर तोंडावर धरून वावरायला लागल्या. तेव्हा मात्र भरतेशच्या मनात आलं, हिला काहीतरी झालंय.

पंधरा-सोळा दिवसांनी मामलेदार गोल फिरायला लागले. एकाच बाजूला, डावीकडे, कचेरीत वाट चुकल्यासारखे. मान वाकडी, तोंडातून लाळ, दात करकरा वाजत होते. कोथिंबिरीची जुडी समोर तशीच पडून.

त्रिशलाबाई सवयीने म्हणाल्या, "मामलेदार, सांगा त्यांना, तुम्हाला..." आणि थांबल्या. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याच हाती निरोप द्यायचा कसा? त्यांनी शाल आणली. भरतेशनी टोपली आणली. दवाखान्याचा रस्ता दोघांनाही माहीत होता, त्यामुळे बोलायची गरज पडली नाही.

शंभर फुटी रस्त्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर रुबिना मुजावर यांनी मामलेदारांच्या डोळ्यांत उजेड मारून पाहिला, आणि मग टोपलीकडे न बघता दोघांच्या तोंडांकडे पाहिलं.

"घरात कुणाच्या ओठावर पुटकुळ्या आल्या होत्या?"

कुणी काही बोललं नाही. त्या घरात हे नेहमीचंच होतं, पण डॉक्टरांना ते माहीत नव्हतं.

"काका, काकू, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "जनावरांमुळे माणसाला काय काय होतं, यावर आपल्याकडे मोठमोठी पुस्तकं आहेत. माणसामुळे जनावराला काय होतं, ते फार उशिरा कुणी विचारलं. तापानंतर ओठावर फोड आणणारा एक विषाणू आहे. दहातल्या सहा-सात माणसांत असतो. लहानपणी कुणीतरी लाडाने पापा घेतं आणि तो आत शिरतो. मग कानाच्या पुढे नसांची एक गाठ असते, तिथे जन्मभर झोपून राहतो. ताप आला, ऊन लागलं, मनाला त्रास झाला, की नसेवरून खाली उतरून ओठावर येतो. आपल्याला चार दिवस खाज, विषय संपला. सशात मात्र तो नाकातून सरळ मेंदूत चढतो."

"जगेल ना?" हे दोघांनी एकदम विचारलं, आणि एकदम विचारल्याबद्दल दोघेही ओशाळले.

"दहा वर्षांपूर्वी मी नाही म्हणाले असते. आता नाकात सोडायचे थेंब आलेत, मेंदूपर्यंत जाणारे. निम्मे ससे वाचतात. ठेवून जा त्याला. आणि एक सरकारी काम करावं लागेल."

सरकारी काम म्हणजे कोपऱ्यात पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं यंत्र. त्याचं कागदोपत्री नाव संसर्गमूळ निदर्शक. गावात त्याला चहाडीयंत्र म्हणत.

त्याची करामत समजायला सोपी होती. विषाणू म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेलं एक लांबलचक हस्तलिखित समजा. प्रत्येक माणसाच्या शरीरात त्याच्या नकला निघतात, आणि नक्कल करताना कुठे काना गळतो, कुठे मात्रा वाढते. त्या चुका त्या माणसाच्याच होऊन बसतात. जनावराच्या अंगातली प्रत घ्यायची, घरातल्या माणसांच्या प्रती घ्यायच्या, आणि कुणाच्या चुका कुणात उतरल्या ते पाहायचं. पूर्वी या कामाला मोठी प्रयोगशाळा आणि महिना लागायचा. आता तांदळाच्या डब्याएवढं यंत्र ते एका रात्रीत करत होतं.

गेल्या चार-पाच वर्षांत या यंत्राने माणसांची फार पंचाईत केली होती. कुपवाड रस्त्यावरच्या एका सोसायटीत अध्यक्षांचा खोकला सचिवांच्या पोपटापर्यंत आणि पोपटाचा सगळ्या कार्यकारिणीपर्यंत पोचल्याचं सिद्ध झालं, आणि तिथे अजून नवी कार्यकारिणी बसलेली नव्हती. एका शिक्षकाची आजारपणाची रजा नामंजूर झाली, कारण त्याची सर्दी त्या आठवड्यात गोव्याला गेलेल्या एका मांजरात सापडली. मग सरकारने नियम केला. पाळीव जनावराला आपला रोग देणाऱ्या माणसाला नियमात एक शब्द होता, निमित्तदार. निमित्तदाराने औषध घेत बेचाळीस दिवस त्या जनावराच्या छपराखाली राहायचं नाही. नाहीतर जनावर महापालिकेच्या पशुसदनात जायचं, आणि तिथे गेलेलं जनावर सहसा परत यायचं नाही, कारण परत द्यायचे अर्ज तीन प्रतींत लागायचे.

डॉक्टरांनी दोघांच्या गालांच्या आतून कापसाच्या काड्या फिरवल्या, दोन नळ्यांत घातल्या आणि झाकणांवर नावं लिहिली. मामलेदारांचा नमुना आधीच आत गेला होता.

"मी त्याला एकदा बघून येते," असं डॉक्टरांना सांगून त्रिशलाबाई मागच्या खोलीत गेल्या. तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा झाला. एका गिऱ्हाइकाच्या बोकडाने दवाखान्याचं रजिस्टर खायला घेतलं होतं. डॉक्टर धावल्या.

भरतेश एकटे उरले. समोर दोन नळ्या.

यंत्र उद्या काय सांगणार, ते त्यांना दिसत होतं. पदराआडच्या पुटकुळ्या त्यांनी पाहिल्या होत्या. दुपारी स्वयंपाकघराच्या दारातून दिसायचं, ही भाजी निवडताना मामलेदारांना मांडीवर घ्यायची आणि त्यांच्या नाकाला नाक लावायची. चार वर्षांत या घरात कुणी कुणाला एवढं जवळ घेतलं नव्हतं. उद्या हिचं नाव निघेल. ही बॅग भरून भावाकडे जाईल. बेचाळीस दिवस. आणि निरोप न्यायला मामलेदार नसतील, तर 'परत ये' हा निरोप कुणाच्या हाती पाठवायचा? पण ते नंतरचं. त्याआधी हिला कळेल की आपण जीव लावला त्याचाच जीव आपल्या तोंडाने घ्यायला निघालो होतो. ते ही कुणाला सांगणार नाही. आत ठेवेल आणि वाळत जाईल.

तीस वर्षं त्यांनी शिशाची सीलं दाबली होती. कुणी फिरवलेलं झाकण ते बोटाने ओळखत. त्याच बोटांनी त्यांनी निळं झाकण काढलं, पांढरं काढलं, आणि एकाचं दुसऱ्याला लावलं. इतकं सफाईने, की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. आपण हे काम तीस वर्षं उलट्या बाजूने करत होतो, एवढाच फरक.

बाहेर बोकडाच्या तोंडातून ऑगस्ट महिना ओढून काढला जात होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"आधी चांगली बातमी. मामलेदारांनी मेथीची एक काडी खाल्ली. म्हणजे जगणार. मान मात्र थोडी तिरकीच राहील."

त्रिशलाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. भरतेशनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"आता दुसरं. सशातल्या प्रतीवर खुणा आहेत त्या..." डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "यंत्र काकूंच्या नावाच्या नळीकडे बोट दाखवतंय."

भरतेशना ते वाक्य आधी नीट लागलंच नाही. काकूंच्या नावाची नळी. त्या झाकणाखाली लाळ होती ती...

"म्हणजे मीच," त्रिशलाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. "मी दुपारचं त्याला जवळ घेते, डॉक्टर. नाकाला नाक लावते. त्यालाही आवडायचं, अंग सैल सोडून द्यायचा. मला काय माहीत? मुक्या जनावराला मीच..." पुढचं पदरात गेलं.

भरतेश खुर्चीत बसून हिशेब लावत होते. झाकण हिचं, लाळ माझी. म्हणजे हिचा काही दोष नव्हता. म्हणजे मी.

आणि मग त्यांना त्यांच्या दुपारी आठवल्या. त्रिशलाबाई आत झोपल्या की ते मामलेदारांच्या शेजारी जमिनीवर बसत. पाठवायचे नव्हते असे निरोप त्यांच्या कानात सांगत, कानाला ओठ टेकवून, अगदी हळू. झुरळाचं मी ऐकायला पाहिजे होतं, सांगा तिला. नको, सांगू नका. परवाची आमटी छान होती. तेही नको. सांगून झालं की मामलेदार त्यांचा ओठ चाटत. कोळी फिरला होता तोच ओठ.

गप्प बसायला काहीच अडचण नव्हती. झाकणं त्यांनी चोख लावली होती. ही भावाकडे जाईल, आपण मामलेदारांना घेऊन घरी राहू, कुणाला कधी कळणार नाही.

शेजारी त्रिशलाबाई रडत होत्या. आवाज न करता, जसं त्या सगळंच करत.

"डॉक्टर," भरतेश उभे राहिले. साहेबांपुढे अहवाल देताना राहत तसे. "सील तुटलेलं आहे."

"म्हणजे?"

"नमुन्यात फेरफार झालाय. काल तुम्ही बोकडाकडे गेलात तेव्हा मी झाकणं बदलली. हिच्या झाकणाखाली माझी लाळ आहे. निमित्तदार मी आहे. लिहून घ्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "माहीत आहे, काका."

"माहीत आहे?"

"हे यंत्र नुसता विषाणू वाचत नाही, लाळ कुणाची तेही बघतं. सकाळी सात वाजताच त्याने मला कळवलं की काकू पुरुष आहेत."

"आणि मी?" भरतेशनी विचारलं.

"तुमचंही त्याला तसंच काहीसं वाटतंय. मी अजून कागद काढलेला नाही. म्हटलं, दोन मिनिटं थांबून बघू कुणी स्वतःहून बोलतंय का." त्यांनी त्रिशलाबाईंपुढे पाण्याचा पेला सरकवला. "माफ करा काकू, तुम्हाला उगाच रडवलं. पण काका, केलंत कशाला हे?"

"मला वाटलं, हिचाच असणार. ते कळलं असतं तर हिला सोसलं नसतं." ते जमिनीकडे बघत होते. "तिच्या तोंडावर पुटकुळ्या मी बघितल्या होत्या."

"आणि तुमच्या तोंडावरच्या?"

"तो कोळी होता."

डॉक्टर हसू दाबायला पडद्याकडे वळल्या. बराच वेळ त्या काहीतरी वाचत राहिल्या.

"काकूंकडेही हाच विषाणू आहे. पण ती प्रत सशात गेलेली नाही. काकांच्या प्रतीपासून ती फुटली त्याला... छत्तीस वर्षं होत आली. म्हणजे तुम्हाला तो काकांनीच दिलाय. लग्नाला किती वर्षं झाली?"

"पस्तीस," त्रिशलाबाई म्हणाल्या. आणि मग कान लाल करून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"यंत्र आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वर्षभर इकडचं तिकडं होतं."

भरतेशनी आयुष्यात पहिल्यांदा यंत्रातल्या चुकीला मान डोलावली.

"राहता राहिला फेरफार," डॉक्टर गंभीर झाल्या. "तो मी नोंदवला तर तुमचा ससा पाळायचा परवाना जातो. बोकडाच्या गडबडीत झाकणं बदलली गेली, असं लिहिता येईल. बोकड नाही म्हणणार नाही."

भरतेशनी तोंड उघडलं. नियम काय म्हणतो ते सांगायला ते तीस वर्षं असंच तोंड उघडत. त्यांनी त्रिशलाबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून वळल्या होत्या आणि सरळ त्यांच्याकडे बघत होत्या, काटा कुठे थांबतो ते बघावं तशा.

"बोकडाचं लिहा," भरतेश म्हणाले.

*

मामलेदार काचेच्या खणात तिरकी मान करून बसले होते, कुणाचा तरी लांबलचक अर्ज ऐकत असल्यासारखे. निमित्तदाराने काचेबाहेरूनच बघायचं होतं. भरतेशनी बघितलं. त्रिशलाबाई आत जाऊन आल्या. त्यांना तो उद्या घरी न्यायला मिळणार होता. भरतेशना मात्र आजपासूनच घर बंद.

"गावाकडे चुलत्यांचं घर आहे. तिथे जातो," असं ते डॉक्टरांना सांगून बाहेर पडले. औषधाची पुडी खिशात होती. कपडे मागवून घेता येतील. कुणाच्या हाती, ते अजून ठरलेलं नव्हतं.

फाटकाशी रिक्षा उभी होती. हल्ली सांगलीत सगळ्या रिक्षा बिनचालकाच्या झाल्या होत्या. पुढे कुणी नाही, नुसता एक गोड आवाज. दोघं मागे बसले. मध्ये टोपली ठेवायची सवय होती, म्हणून मध्ये टोपलीएवढी जागा राहिली.

"नमस्कार. कुठे जायचं?"

"एसटी स्टँड," भरतेश म्हणाले.

"वखारभाग. धनपाल चौगुल्यांचं घर," त्रिशलाबाई म्हणाल्या.

रिक्षा म्हणाली, "दोन प्रवाशांनी दोन पत्ते दिले आहेत. कृपया आपसात ठरवा."

कुणीच काही ठरवलं नाही. मागे एक गाडी येऊन थांबली. मग दुसरी.

"कृपया आपसात ठरवा."

"रिक्षा," त्रिशलाबाई म्हणाल्या, "त्यांना सांग..."

"क्षमस्व. निरोप पोचवण्याची सोय या वाहनात नाही."

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. त्रिशलाबाईंनी पदर नीट केला. समोर बघितलं, चालकाची रिकामी जागा बघितली. मग सावकाश डावीकडे वळल्या.

"अहो."

चार वर्षं हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. भरतेशना त्याचं वजन एकदम कळलं नाही.

"काय?"

"धनपालकडे राहायचं. वरची खोली झाडून तयार आहे. सकाळी माझ्यासाठी सांगितली होती. वाटलं, माझंच नाव येणार."

"त्याच्याकडे मी कुठल्या तोंडाने जाऊ, त्रिशला?"

"कुठल्या म्हणजे? आहे त्याच. रुमाल बांधा, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तो दारात तरी उभं करेल?"

"आधी शिव्या घालेल. त्याला घालू द्या. चार वर्षं साठल्यात. मग जेवायला वाढेल. तुम्ही ऐकून घ्या. मध्ये ग्रॅम काढू नका."

"नाही काढत."

"आणि रोज पाचला मी येईन. मामलेदार कसे आहेत ते सांगायला."

"फोनवर सांगितलं तरी..."

"येईन म्हटलं ना."

भरतेशनी खिशातून रुमाल काढला, पण बांधला नाही. हातातच धरून बसले. "आणि तू सारखी पदर धरून असायचीस तोंडावर... मला विचारायचं होतं, दुखतंय का."

"मग विचारलं का नाही?"

"मामलेदारांना विचारलं होतं."

मागे आता भोंग्यांची चांगलीच रांग लागली होती. रिक्षाने घसा साफ केल्यासारखा एक आवाज काढला. "पत्ता निश्चित करायचा का?"

"थांब जरा," दोघं एकदम म्हणाले. "आम्ही बोलतोय."